नदीअलीकडचे परीक्षण

संपादकबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, त्याला दोन मिनिटे होऊन गेली होती, आणि तरीही खोलीत कोणी बोलत नव्हते. पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरच्या दोन चळतींचे कोपरे आळीपाळीने उचलले जात होते. एक चळत जाड होती, एक बारीक. जाड चळत त्याची होती.

कार्यालयात त्याला सगळे कविराज म्हणत. हे नाव आदराने पडलेले नाही, हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळले होते. दुसऱ्या आठवड्यापासून त्याने ते आदरानेच ऐकायला सुरुवात केली. शिकत असताना त्याने आधुनिक कवितेतल्या मौनावर एकशे ऐंशी पानांचा प्रबंध लिहिला होता. तो मार्गदर्शकांशिवाय कोणी वाचला नव्हता, आणि मार्गदर्शकांनी तरी वाचला होता की नाही, याबद्दल त्याच्या मनात शंका होती. पण शांततेतले आपल्याला कळते, हा समज त्या प्रबंधाने जो रुजवला तो कायमचा. शांततेच्या अकरा जाती त्याने तिथे नोंदवल्या होत्या. समोरची जात त्याने लगेच ओळखली: थोर लेखनाची शेवटची ओळ वाचून झाल्यावर वाचकाला काही सुचेनासे होते, ती. त्याने नम्रपणे मान खाली घातली आणि कौतुकाला वाट करून दिली.

शेजारच्या खुर्चीत तक्तेवाली बसली होती. ती संख्याशास्त्र शिकलेली. दोन वर्षांपूर्वी या मासिकात आली आणि जगातली प्रत्येक गोष्ट रकान्यांत बसवू लागली, म्हणून तक्तेवाली. बारीक चळत तिची. ती आपल्या नखांकडे पाहत होती, आणि एखादी व्यक्ती नखांकडे इतका वेळ पाहते तेव्हा तिला नखे दिसत नसतात, हे मौनाच्या अभ्यासकाला कळायला हरकत नव्हती. त्याला ते कळले नाही.

मासिक व्हिडिओ गेमचे होते, आणि त्याचा एक जुना नियम होता. मोठा खेळ आला की दोन परीक्षक नेमायचे. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत खेळायचे, एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर बोलायचे नाही, आणि आपापले लिखाण बाईंच्या टेबलावर ठेवायचे. बाई दोन्ही वाचत आणि त्यांतले एक मुख्य परीक्षण म्हणून छापत. उरलेल्याला पानाच्या तळाशी 'दुसरे मत' या चौकटीत चार ओळी मिळत.

आणि हा काही नुसता मोठा खेळ नव्हता. हा 'अमर्याद' होता.

नऊ वर्षांपूर्वी त्याची दीड मिनिटाची झलक प्रसिद्ध झाली होती. एक प्रवासी टेकडीवर उभा राहतो. समोर दऱ्या, गावे, शहरे, वाळवंट, बर्फ, आणि त्यापलीकडे अजून काहीतरी निळसर. जिथवर नजर जाईल तिथवर जाता येईल, असे निर्मात्यांनी सांगितले होते. त्यानंतर तो खेळ तीनदा लांबला. कविराजांनी मात्र तेव्हापासून प्रत्येक अंकात त्या प्रतीक्षेवर एक स्तंभ लिहिला. एकशे आठ लेख झाले. त्यांतल्या एकातही खेळाबद्दल काही नव्हते, कारण खेळच नव्हता. पण वाचकांना ते आवडत. पत्रे येत. घरी थोरली बहीण लग्नाचा विषय काढी, तेव्हा तो म्हणे, "ताई, अमर्याद येऊ दे, मग बघू." सुरुवातीला ताईला ते एखाद्या मुलीचे आडनाव वाटले होते. खरे कळल्यावर तिने विषय काढणेच सोडले. तेही एका अर्थी खेळाचे यशच, असे त्याने एका लेखात नमूद केले होते.

"कविराज," बाई शेवटी म्हणाल्या, "नदीचं काय केलंत?"

त्याला बरे वाटले. बाईंनी नेमके मर्मावर बोट ठेवले होते. "पान चारवर आहे, बाई. नदी हे या खेळाचं मौन आहे."

"ते वाचलं मी. ओलांडलीत का, एवढंच विचारतेय."

"ओलांडायची नाहीच आहे ती. नऊ वर्षं आपण अमर्याद जगाची वाट पाहिली, आणि त्यांनी आपल्या हातात एक दरी ठेवली. एक म्हातारी, एक गोठा, एक नावाडी. केवढं धाडस आहे हे! अमर्याद असायला विस्तार लागत नाही, हेच तर..."

तक्तेवालीच्या घशातून एक बारीकसा आवाज निघाला. तिने तो खोकल्यात दडवायचा प्रयत्न केला.

"तू बोल गं," बाई म्हणाल्या. "नियम संपला आता."

"सर," ती म्हणाली, आणि पुढचे शब्द तिने जितके हळू ठेवता येतील तितके हळू ठेवले, "पलीकडे सत्तावीस गावं आहेत. चार शहरं. एक वाळवंट. वरच्या बाजूला बर्फाचं पठार. मी तक्ता जोडलाय."

आता जी शांतता पसरली, ती त्या अकरा जातींत कुठेच नव्हती.

हे कसे झाले, ते सांगितले पाहिजे. कारण अशी चूक करायला नुसता वेंधळेपणा पुरत नाही, त्याला तत्त्व लागते. खेळताना पडद्यावर जी चिन्हे दिसतात, कोपऱ्यातला नकाशा, पुढची वाट दाखवणारा बाण, करायच्या कामांची यादी, कुठे काय झाले त्याचे टक्के, ती सगळी कविराज पहिल्याच मिनिटाला बंद करत. कविता वाचताना शेजारी गाईड उघडून कोण बसतो, असे त्यांचे म्हणणे. या सवयीचा त्यांना इतका अभिमान होता की तिच्यावर त्यांचे दोन स्तंभ खर्ची पडले होते. तेव्हा नदीकाठी पोचल्यावर इतर कोणालाही पडद्यावर जी ओळ दिसली असती, 'नावाड्याला वल्हे आणून द्या', ती त्यांना दिसलीच नाही. त्यांना दिसला फक्त नावाडी. तो म्हणाला, "आज पाणी फार आहे. उद्या या."

ते उद्या गेले. नावाडी म्हणाला, "आज पाणी फार आहे. उद्या या."

खेळातल्या सतरा सकाळी ते त्या काठावर जाऊन हे वाक्य ऐकून आले. आधुनिक माणसाला मिळालेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे, असे त्यांनी पान पाचवर लिहिले. एका सकाळी त्यांचे डोळेही भरून आले होते. ते त्यांनी लिहिले नव्हते, हीच काय ती अब्रू.

"वल्हं होतं तरी कुठे?" त्याने विचारले.

"म्हातारीच्या गोठ्याबाहेर, सर. भिंतीला टेकवलेलं."

बाईंनी पुन्हा चष्मा चढवला, जाड चळतीतले एक पान काढले आणि कोणताही भाव न आणता वाचले: "'भिंतीला टेकवलेले ते निरुपयोगी वल्हे ही या खेळातील सर्वांत करुण वस्तू आहे.'"

"बाई, पुरे."

"करुण तर आहेच," बाई म्हणाल्या.

मग त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि चेष्टेचा सूर सोडून बोलू लागल्या. पाने संध्याकाळी पाच वाजता छपाईला जायची होती. आता अकरा वाजत होते. "तुम्ही दहापैकी दहा दिलेत. आयुष्यात पहिल्यांदा. हिने सहा दिलेत. नऊ वर्षं लोक तुमच्या निकालासाठी थांबलेत, आणि मी हे असं छापलं तर उद्या तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मलाही नाही. पण हिचंही डोळे मिटून छापवत नाही मला. ही दरीतून बारा मिनिटांत बाहेर पडली. तुम्ही एकसष्ट तासांत पडला नाहीत. दोन्हीकडे राहिलेला माणूस मला हवाय. तेव्हा उठा, नदी ओलांडा, आणि चार वाजता येऊन सांगा, मुख्य परीक्षण कोणाचं. तुम्ही म्हणाल ते."

"मी?" तो म्हणाला.

"ते?" तक्तेवाली त्याच क्षणी म्हणाली, आणि मग ओशाळून पुन्हा नखांकडे वळली. मुख्य परीक्षण तिला अजून एकदाही मिळाले नव्हते. निकाल देणारा माणूस स्वतःच वादातला पक्ष आहे, हे सांगायला तिला तक्त्याची गरज नव्हती.

"तू शेजारी बस त्यांच्या," बाई म्हणाल्या. "रस्ता सांग. मत सांगू नकोस."

खेळण्याची खोली जिन्याखाली होती. खिडकी नव्हती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना करड्या रंगाचा खडबडीत फोम चिकटवलेला, दोन खुर्च्या, आणि त्यांतली एक मागे रेलली की ओरडणारी. या ओरडणाऱ्या खुर्चीत त्याने नऊ दिवस काढले होते. आज तीत तक्तेवाली बसली, आणि खुर्ची गप्प राहिली.

"आधी सगळी चिन्हं चालू करा, सर."

त्याने केली. इतके दिवस नुसते धुके आणि गवत असलेल्या पडद्यावर बाण उगवले, ठिपके लुकलुकले, आकडे धावत येऊन कोपऱ्यांत बसले. एखाद्या रिकाम्या माळावर रातोरात दुकाने उठावीत तसे झाले. डावीकडे वर लिहिले होते: खेळलेला वेळ, एकसष्ट तास. पाहिलेला नकाशा, तीन टक्के.

"तीन," तो म्हणाला.

"दोन पूर्णांक आठ. पूर्णांकात दाखवतात."

"आभारी आहे."

तो म्हातारीच्या घराकडे गेला. ती नेहमीप्रमाणे उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. तो गोठ्याकडे वळला, वल्हे उचलले, आणि ते इतके सहज उचलले गेले की त्याला स्वतःच्या कानाखाली वाजवून घ्यावीशी वाटली. पाठमोरा झाला तेव्हा म्हातारी बोलली.

"नेतोस होय? ने. इतके दिवस त्याला टेकून बसायचास, मला वाटलं तुला ते तिथेच आवडतं. संध्याकाळी दोन वाट्या मांडायची सवय लागलीय बघ. मोडेल हळूहळू."

त्याचा अंगठा बटणावरच राहिला. एकसष्ट तासांत हे वाक्य त्याने ऐकले नव्हते. ऐकणार कसा, तो निघालाच नव्हता.

"हे काय म्हणाली ती?" तक्तेवाली पुढे वाकली. "मला फक्त 'ने' म्हणाली होती. तेवढंच. 'ने'."

"तू बसली नव्हतीस ना तिच्याकडे."

"बसून काय मिळतं?"

"काही नाही."

तिने वहीत काहीतरी लिहिले, पाहिले, आणि खोडले.

नावाड्याने वल्हे हातात घेतले. सतरा सकाळी एकच वाक्य बोललेला तो तत्त्वज्ञ म्हणाला, "चला, बसा," आणि चाळीस सेकंदांत त्याला पलीकडे उतरवून मोकळा झाला. कविराजांचे पान पाच त्या पाण्यात विरघळले.

काठावरून वाट टेकडीवर जात होती. ती तो चढला, आणि तिथे ते होते. नऊ वर्षांपूर्वीच्या दीड मिनिटातले सगळे: दऱ्या, गावांचे धूर, शहरांचे कळस, पिवळी वाळू, पांढरे पठार, आणि त्यापलीकडे ते निळसर काहीतरी. प्रवाशाचा अंगरखा वाऱ्यावर फडफडला. कविराजांनी मनगटाने डोळे पुसले. तक्तेवालीने त्याच्याकडे न पाहता कागदी रुमालाचे खोके सरकवले.

"फोमची धूळ फार आहे इथे," ती म्हणाली.

"हो ना."

मग तो टेकडी उतरला.

पहिल्या गावात विहिरीपाशी निळ्या शालीतली एक बाई उभी होती. डाव्या पायाने लंगडत ती पुढे आली आणि म्हणाली, "प्रवासी, दूरवरून आलात?" दुसऱ्या गावात विहिरीपाशी तांबड्या शालीतली बाई होती. तीही डाव्या पायाने लंगडली, आणि तिलाही तो दूरवरून आल्यासारखा वाटला. तिसऱ्या गावात शाल हिरवी होती. चौथ्या गावात पोचेपर्यंत, विहिरीच्या उजव्या हाताला एक कुत्रा झोपलेला असेल आणि तो तिसऱ्या पावलाला कूस बदलेल, हे त्याला ठाऊक झाले होते. कुत्र्याने कूस बदलली. शहरात एका खानावळवाल्याची अंगठी हरवली होती. त्याने ती तळघरात शोधून दिली. पुढच्या शहरातल्या खानावळवाल्याचीही अंगठी हरवली होती. तीही तळघरात.

"इतक्या अंगठ्या हरवणारी माणसं खानावळी चालवतात कशा?" तो म्हणाला.

"तक्ता सहा," तक्तेवाली म्हणाली. "मत नाही, सर. फक्त माहिती."

"पण पुनरावृत्ती हीसुद्धा एक प्रकारची..."

"सर."

"बरं."

त्याने अकरा गावे पाहिली, वाळवंट ओलांडले, बर्फात गेला. बर्फातही विहीर होती. बाई पांढऱ्या शालीत लंगडत आली. तो तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि त्याच्या ध्यानात आले की ही बाई आपल्याला परकी नाही. हिला आपण चांगले ओळखतो. नऊ वर्षे दर महिन्याला आपण हिलाच नवी शाल पांघरवून छपाईला पाठवत आलो. पहिले तीन-चार लेख त्याने खरोखर काहीतरी वाटून लिहिले होते. ते अजून कुठे उघडले तर तो थांबून वाची. नंतरच्या शंभरांत तीच विहीर, तोच कुत्रा, तिसऱ्या परिच्छेदाला तीच कूस. निर्मात्यांनीही तेच केले होते. कोणीतरी आधी एक दरी मनापासून घडवली, म्हातारीला दोन वाट्या मांडायला शिकवले. आणि मग दिलेल्या शब्दाएवढे जग उरले होते, ते भरून काढणे भाग होते. त्यांच्यावर रागावण्याचा त्याने प्रयत्न केला. जमले नाही. एकशे आठ लेखांच्या माणसाला तो राग शोभणाराही नव्हता.

"पावणेचार," तक्तेवाली म्हणाली. तिच्या मांडीवरची वही बंद होती आणि तिने ती दोन्ही हातांनी धरली होती.

बाईंच्या खोलीत तो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "हिचं छापा."

तक्तेवालीने श्वास सोडला, तो खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

"विचार केलात?" बाई म्हणाल्या. "नऊ वर्षांच्या शेवटी तुमचं नाव नसणार तिथे."

"सहा बरोबर आहेत. मी असतो तर साडेपाच दिले असते. पण दरीला वेगळे गुण द्यायला हवेत. मला 'दुसरं मत' द्या. चार ओळी."

"चार ओळींत तुमचा पहिला स्वल्पविरामसुद्धा येत नाही."

"आणीन."

"तसं नाही, कविराज." बाईंनी दोन्ही चळती एकावर एक ठेवल्या. "तुमचं मत बदललं. आता दोघांचं एकच झालं. मग दुसरं मत कसलं? आणि आहे त्या जागेत हिचा तक्ता सहा घालायचाय मांडणीवाल्याला. तो सकाळपासून ओरडतोय." त्यांनी त्याच्याकडे पाहिले, आणि त्यांचा आवाज थोडा खाली आला. "पुढच्या अंकात लिहा ना. काय हवं ते लिहा."

पुढच्या अंकापर्यंत काय होईल, ते त्याला ठाऊक होते. हे परीक्षण वाचून लोक खेळ घेतील किंवा घेणार नाहीत. घेतील ते बाण पाहतील, वल्हे उचलतील, आणि बारा मिनिटांत पार होतील. म्हातारी 'ने' म्हणेल. तेवढेच.

मांडणीच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात त्याने तक्तेवालीला गाठले. तिच्या हातात छपाईपूर्वीचे शेवटचे पान होते, शाई अजून वास मारत होती. त्याने मान वाकडी करून वाचले. दरीबद्दल एकच ओळ होती: 'सुरुवातीचा भाग नियंत्रणे शिकवण्यापुरता, बारा मिनिटे.'

"अभिनंदन," तो म्हणाला.

"थँक्यू, सर. खरंच." ती थांबली. "मला वाटलं होतं तुम्ही..."

"मलाही वाटलं होतं. ऐक ना, एक काम होतं."

"बोला."

"या ओळीच्या जागी दोन वाक्यं घालशील? माझं नाव नको. माझी भाषा तर नकोच, मला माहितेय ती कशी आहे. तुझ्याच भाषेत. एवढंच लिही, की वल्हं उचलायची घाई करू नका. थोडे दिवस बसा तिच्याकडे."

"सर, मी जे खेळले नाही ते लिहीत नाही."

"ऐकलंस ना पण आज. तुझ्यासमोरच बोलली ती."

"एकदा. एका खेळाडूला. त्याचं काय करू मी?"

"काय म्हणजे? खरं होतं की ते."

मांडणीवाल्याने आतून हाक मारली, पाचला पाच कमी आहेत, पान येणार आहे की मी घरी जाऊ.

"वहीत लिहिलं होतंस तू," कविराज म्हणाले. "मी पाहिलं. खोडलंस, तेही पाहिलं. काय लिहिलं होतंस?"

तिने पेनाचे टोपण काढले, पान छातीशी धरले, आणि ती मांडणीच्या खोलीत निघून गेली.